पत्र पोचते, माणूस का चुकतो?

दिल्लीला जाणारा आपला कामगार सहसा हौसेने जात नाही. कोणी पेन्शनच्या प्रश्नावरील धरण्यासाठी जंतरमंतरला जातो. कोणाची बढतीची किंवा बडतर्फीची केस कॉपर्निकस मार्गावरील केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुख्य पीठापुढे असते. कोणी रायसीना रोडवरील रेल भवनात, तर कोणी संसद मार्गावरील डाक भवनात निवेदन घेऊन जातो. कोणाला आजारी माणसाला घेऊन मोठ्या इस्पितळात जावे लागते. हाती एक-दोन दिवसांची रजा, खिशात मोजके पैसे आणि चिठ्ठीवर लिहिलेला एक पत्ता, एवढ्या भांडवलावर तो राजधानीत उतरतो. स्टेशनपासून त्या पत्त्यापर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर हा त्याच्या हजार-दीड हजार किलोमीटरच्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा ठरतो. गावात नवखा असणे हा काही गुन्हा नाही. तरीही नवख्याला त्याचा दंड वेळेत, पैशात आणि मनस्तापात भरावा लागतो. या अंकात आम्ही याच प्रश्नाकडे लक्ष वेधू इच्छितो, कारण वाट चुकणारा आपला आहे आणि वाट दाखवण्याचे कामही आपलेच आहे.

उदाहरणादाखल दिल्लीतला एकच रस्ता घेऊ. कस्तुरबा गांधी मार्ग. ज्या कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्ध असताना, देह ठेवला, त्यांचे नाव या रस्त्याला आहे. इंग्रजी अमदानीत हा कर्झन रोड होता. कनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत सुमारे दोन किलोमीटर तो सरळ जातो. रेल्वे कामगारांना हा रस्ता परका वाटू नये, कारण उत्तर रेल्वेचे मुख्यालय असलेले बडोदा हाउस याच रस्त्यावर आहे. बडोद्याच्या गायकवाडांसाठी लटियन्स यांनी आखलेली ही वास्तू आज रेल्वेची कचेरी आहे. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर, इंडिया गेटच्या बाजूला आहे.

मात्र नवखा माणूस जेव्हा ‘कस्तुरबा गांधी मार्ग कुठे’ असे विचारतो, तेव्हा पुष्कळदा समोरचा क्षणभर घुटमळतो. दिल्लीकराच्या तोंडी तो ‘के. जी. मार्ग’ आहे. जुन्या माणसाला अजून कर्झन रोडच आठवतो. ज्या चौकातून हा रस्ता निघतो तो लोकांच्या बोलण्यात ‘सी. पी.’ आहे, मेट्रोच्या फलकावर ‘राजीव चौक’ आहे आणि जुन्या कागदपत्रांत ‘कनॉट प्लेस’ आहे. पलीकडच्या टोकाचा राजपथ २०२२ पासून कर्तव्य पथ झाला. त्यात भर म्हणजे महाराष्ट्र सदने दोन आहेत. जुने कॉपर्निकस मार्गावर आणि नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. दोन्ही रस्ते इंडिया गेटच्या वर्तुळाला येऊन मिळतात. ‘महाराष्ट्र सदन’ एवढेच सांगून रिक्षात बसणारा माणूस सामानासह भलत्याच दारात उतरला, तर दोष कोणाचा? रिक्षावाल्याचाही नाही आणि उतरणाऱ्याचाही नाही. सारखी नावे आणि बदललेली नावे यांतून वाट काढण्याची सोय ज्यांनी करायची, त्यांनी ती पुरी केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता याच पत्त्यावर कणकवलीहून किंवा परभणीहून एखादे पत्र टाका. पाकिटावर ११०००१ हे सहा आकडे असले, की ते पत्र कोणालाही न विचारता त्या दारात जाते. असे का होते, हे आपल्या टपाल बंधूंना सांगायला नको. पण ज्या माणसाने हे घडवले त्याचे नाव मात्र आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी, संस्कृतचे पंडित आणि कवी. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे, एकाच गावाची अनेक स्पेलिंगे, पत्ता कधी मराठीत, कधी बंगालीत, कधी तमिळमध्ये आणि अक्षर प्रत्येकाचे निराळे. या गुंत्यावर वेलणकरांनी उपाय काढला तो आकड्यांचा. पहिला आकडा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. आकड्याला भाषा नसते, त्याचे नामांतर होत नाही आणि सारख्या नावाच्या दोन गावांना तो कधी एकत्र गुंफत नाही.

यातले मर्म आम्हाला असे वाटते. वेलणकरांनी आपली पद्धत रोजच्या सरावातल्या सॉर्टरसाठी आखली नाही. आर.एम.एस.च्या धावत्या डब्यात उभे राहून हजारो गावे तोंडपाठ ठेवणाऱ्या जुन्या सॉर्टरला कोडची गरजच नव्हती. ती गरज नव्याने भरती झालेल्याला होती, परप्रांतात बदली होऊन आलेल्याला होती. जी व्यवस्था नवख्याला जमते ती सरावलेल्याला जमतेच. जी फक्त सरावलेल्यालाच जमते ती व्यवस्था अपुरी आहे. सार्वजनिक वाहतुकीचे मोजमाप आम्ही याच मापाने करावे म्हणतो.

या मापाला दिल्लीची मेट्रो बऱ्याच अंशी उतरते, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला. ज्या ई. श्रीधरन यांनी कोकण रेल्वेच्या उभारणीची धुरा वाहिली, त्यांच्याच हाताखाली ही मेट्रोही उभी राहिली. तिथे प्रत्येक मार्गिकेला रंग आहे. गाडी कोणत्या दिशेची हे शेवटच्या स्टेशनाच्या नावाने ओळखायचे, जसे आपण मुंबईत कल्याण किंवा विरार लोकल ओळखतो. बाहेर पडण्याच्या दारांना नंबर आहेत. राजीव चौकात मार्गिका बदलणाऱ्यासाठी जमिनीवर पावलांच्या खुणा काढलेल्या आहेत. ज्याला वाचता येत नाही तोही त्या पावलांमागे चालत जाऊ शकतो. वेलणकरांचे आकडे आणि ही पावले, दोहोंमागची बुद्धी एकच आहे.

म्हणून जाणाऱ्या बंधू-भगिनींच्या उपयोगासाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. दिल्ली म्हणजे एक स्टेशन नव्हे. पंजाब मेल आणि झेलम नवी दिल्ली स्टेशनला जातात. मिरज-पुण्याकडून येणारी गोवा एक्सप्रेस आणि कोकणातून येणारी मंगला या गाड्या हजरत निजामुद्दीनला जातात. काही गाड्या जुन्या दिल्लीला, तर काही आनंद विहारला थांबतात. निघण्यापूर्वीच तिकिटावर उतरण्याचे स्टेशन कोणते ते नीट पाहावे आणि परतीचे स्टेशनही तेच आहे का, याची खात्री करावी. येताना एक आणि जाताना दुसरे असे झाले, तर परतीची गाडी चुकायला तेवढे पुरे होते.

नवी दिल्लीला उतरलात तर पहाडगंजची बाजू एक नंबर फलाटाकडे आणि अजमेरी गेटची बाजू सोळा नंबरकडे. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय पहाडगंजच्या अंगाला आहेत, तर मेट्रोची पिवळी मार्गिका अजमेरी गेटच्या अंगाला आहे. पिवळ्या मार्गिकेने एकच स्टेशन गेले की राजीव चौक. तिथे निळी मार्गिका धरली की पहिले स्टेशन बाराखंबा रोड आणि दुसरे मंडी हाउस. निजामुद्दीनला उतरलात तर ३१ डिसेंबर २०१८ पासून शेजारीच सराय काले खाँ-निजामुद्दीन हे गुलाबी मार्गिकेचे स्टेशन आहे. तिथून लाजपत नगरला यावे आणि जांभळ्या मार्गिकेने कश्मीरी गेटच्या दिशेची गाडी धरावी. केंद्रीय सचिवालय, जनपथ आणि मग मंडी हाउस. आनंद विहारहून निळी मार्गिका न बदलता थेट मंडी हाउसला आणते.

कस्तुरबा गांधी मार्गाचे कनॉट प्लेसकडील काम असेल तर बाराखंबा रोड किंवा जनपथ सोयीचे, इंडिया गेटच्या बाजूचे असेल तर मंडी हाउस. न्यायाधिकरणासाठीही मंडी हाउस, डाक भवनासाठी पटेल चौक आणि रेल भवनासाठी केंद्रीय सचिवालय. प्रवासाच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, हे भगिनींनी ध्यानात ठेवावे. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे अपरात्री पोचणाऱ्या गाडीने जाणाऱ्यांनी उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबणे किंवा प्रीपेड रिक्षाची पावती घेणे हेच शहाणपणाचे. रेल्वेच्या चौकशीसाठी १३९ आणि दिल्ली मेट्रोसाठी १५५३७० हे नंबर कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

मात्र मेट्रोने सगळे सुटते असे नाही. २५ ऑगस्ट २०२५ पासून तिचे किमान भाडे ११ रुपये आणि कमाल ६४ रुपये झाले. चार माणसांचे कुटुंब इस्पितळात रोज जा-ये करणार असेल तर हा खर्च जाणवतो. स्वस्त साधन म्हणजे बस. पण बसच्या थांब्यावर कोणता नंबर कुठे जातो हे आजही बव्हंशी शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच विचारावे लागते. २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये महिलांना गुलाबी तिकिटावर मोफत प्रवास मिळू लागला, तेव्हा बाई कुठल्या राज्याची हे वाहक विचारत नव्हता. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही सवलत कार्डावर आणि दिल्लीच्या रहिवासी महिलांपुरती देण्याचे जाहीर केले. तेव्हा भगिनींनी बसमध्ये चढतानाच वाहकाला तिकिटाचे विचारून घ्यावे. शासनाला आम्ही एवढेच विचारू की राजधानी ही सर्व देशाची असेल, तर तिच्या बसमध्ये देशाच्या इतर भागांतून आलेली बाई परकी कशी?

वाट चुकण्याची किंमत नेहमी दोन तासांच्या उशिराएवढीच असते असे नाही. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर कुंभाला निघालेल्या प्रवाशांची चेंगराचेंगरी झाली आणि १८ जीव गेले. ‘प्रयागराज एक्सप्रेस’ आणि ‘प्रयागराज स्पेशल’ या सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणेने गोंधळ झाला, असे दिल्ली पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. पुढे ऑगस्टमध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात रेल्वेमंत्र्यांनी, पादचारी पुलाच्या जिन्यावर एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे पडल्याने लोक अडखळले, असे कारण दिले. कारणांचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या जिन्यावर शेकडो माणसे अशी होती की जी त्या स्टेशनात नवखी होती. आपली गाडी कोणती आणि फलाट कोणता याची खात्री नसलेली गर्दी भित्री असते. एक पळाला की दहा पळतात. त्या रात्री जखमींना उचलून बाहेर आणायला धावले ते लाल डगल्यातले हमाल, ज्यांना प्रत्येक जिना आणि प्रत्येक फलाट पाठ आहे. ही आठवण आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अजमेरी गेटच्या बाजूला प्रवाशांना थांबवून धरण्यासाठी यात्री सुविधा केंद्र उघडले, हे चांगले झाले. पण गर्दी थांबवणे वेगळे आणि गर्दीला वाट सांगणे वेगळे. रेल्वेपाशी नंबरांची पद्धत आधीपासून आहे. २० डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले आणि स्पेशल गाडीचा नंबर शून्याने सुरू होतो, हे आपण सारे जाणतो. प्रवाशाला ते कोणी सांगितले आहे का? तो गाडी नावाने ओळखतो. मग नंबर आधी, सावकाश आणि पुन्हा पुन्हा सांगण्याची शिस्त पाळणे हे प्रशासनाचे काम ठरते. त्यासाठी घोषणा करणाऱ्या माणसावर एकाच वेळी तीन कामे लादता येत नाहीत.

दिल्लीकडे बोट दाखवताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणारा गोरखपूरचा किंवा दरभंग्याचा माणूस आपल्या मुंबईत तितकाच नवखा असतो. ‘स्लो’ आणि ‘फास्ट’ यांतला फरक त्याला कोण सांगतो? बेस्टच्या बसच्या कपाळावरचा मराठी आकडा त्याला एक वेळ कळेल, पण तमिळनाडूहून आलेल्याला तो कळणार नाही. त्याच मुंबईत एक अनुकरणीय कामही झाले. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वर्षानुवर्षे वेगवेगळे एकपासून मोजले जात. ‘एक नंबरवर भेटू’ म्हणणारी दोन माणसे दोन वेगळ्या एक नंबरांवर वाट पाहत उभी राहत. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा झाले. नवा पूल बांधावा लागला नाही. फलक रंगवले, घोषणा बदलल्या आणि एक जुना घोळ मिटला. मनात आणले तर किती थोडक्यात काम होते, याचा हा पुरावा आहे.

आज प्रत्येक प्रश्नाला ‘ॲप घ्या’ हे उत्तर मिळते. रेल्वेचे ‘रेलवन’ ॲप १ जुलै २०२५ ला आले. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आणि देशाचा प्रत्येक चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा दहा अक्षर-आकड्यांत बांधला. ही प्रगती आहे आणि तिच्यात आपल्याच खात्यांतील कर्मचाऱ्यांचे श्रम आहेत. आमचा तिला विरोध नाही. परंतु पासष्ट वर्षांच्या निवृत्त गँगमनला, डोळ्यांचे ऑपरेशन करून परतणाऱ्या म्हातारीला, फोन चोरीला गेलेल्या तरुणाला ॲप वाट सांगत नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस सांगतो, तिकीट तपासनीस सांगतो, बसचा वाहक सांगतो, बीटवर निघालेला पोस्टमन सांगतो. ही माणसे कमी करायची, त्यांच्या जागी पडदे लावायचे आणि मग प्रवासी गोंधळला म्हणून प्रवाशालाच दोष द्यायचा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. वाट सांगणे हे कोणा दयाळू माणसाचे उपकार नाहीत. तो सेवेचाच भाग आहे, आणि त्यासाठी माणूस नेमावा लागतो.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या जिथे संपतात अशा प्रत्येक स्टेशनवर चोवीस तास किमान एक चौकशी खिडकी कायम कर्मचाऱ्यांनिशी उघडी असावी. ज्या राज्यातून गाडी येते त्या राज्याच्या भाषेत, शहरात कसे जावे हे सांगणारे साधे पत्रक गाडीतच मिळावे. नवी दिल्लीच्या फलकांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू नांदतात, तिथे येणाऱ्या गाडीनुसार मराठी, तमिळ, बंगाली घोषणा होणे अशक्य नाही. सारख्या नावाच्या दोन गाड्या गर्दीच्या वेळी लागोपाठ लावू नयेत आणि घोषणेत नंबर प्रथम यावा. फलाटापासून मेट्रोच्या दारापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत सलग खुणा असाव्यात. महाराष्ट्र शासनाने नवी दिल्ली आणि निजामुद्दीन येथे आपल्या दोन्ही सदनांचे पत्ते, जवळचे मेट्रो स्टेशन आणि पोचण्याची वाट मराठीत लावावी. २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ ला तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन झाले, तेव्हा पुण्याहून खास गाडी सुटली. दिल्लीत १९५४ नंतर हे संमेलन पुन्हा भरले. संमेलनाला येणाऱ्यांची सोय होऊ शकते, तर न्यायाधिकरणात येणाऱ्या ट्रॅकमनची आणि इस्पितळात येणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाचीही व्हायला हवी.

शाखांनाही आमची सूचना आहे. दिल्लीला प्रतिनिधी पाठवताना प्रत्येकाच्या हाती एक पानी टिपण द्यावे. उतरण्याचे आणि परतीचे स्टेशन, मेट्रोचा रंग, शेवटच्या स्टेशनाचे नाव, बाहेर पडण्याच्या दाराचा नंबर, पूर्ण पत्ता पिनकोडसह आणि सोबतच्या दोन साथींचे फोन. जे आधी जाऊन आले आहेत त्यांनी ते तयार करावे. शाखेच्या बैठकीत यासाठी दहा मिनिटे पुरतील.

आणि शेवटी तुम्हाला, जे ड्यूटीवर असताना दिवसाला शंभर वेळा तोच प्रश्न ऐकता. कामाचा ताण, अपुरी माणसे, वरिष्ठांचा जाच, हे सारे आम्ही जाणतो आणि त्याविरुद्ध लढतोही. तरी खिडकीपुढे उभा असलेला, हातात चुरगळलेली चिठ्ठी घेतलेला माणूस तो प्रश्न पहिल्यांदाच विचारत असतो, हे विसरू नका. उद्या दुसऱ्या शहरात, दुसऱ्या खिडकीपुढे तशीच चिठ्ठी घेऊन आपल्यापैकीच कोणीतरी उभा असेल. पाकिटावर सहा आकडे असले की पत्राला वाट दाखवणारी माणसे आपणच आहोत. माणसालाही ती दाखवू, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ प्रशासनाकडून मिळवूनच राहू.